कोणती चिनी गोष्ट, कोणता सिद्धान्त: शिक्षकांच्या वाचनगटासाठी जोड्या जुळवताना

चिनी लेखक लू शुनच्या 'खोंग यीजी' या गोष्टीत 12 वर्षांचा एक पोऱ्या आहे. लुझेन गावातल्या एका गुत्त्यावर तो कामाला लागतो. आतल्या खोलीत लांब झगेवाली बडी गिऱ्हाइकं बसून पितात; त्यांच्याकडे पाठवायला मालकाला हा पोरगा बावळट वाटतो. बाहेर आखूड बंडीतले मजूर फळीपाशी उभ्याउभ्या पितात. दारू रांजणातून निघाल्यापासून ते नजर हलवत नाहीत, त्यामुळे पोऱ्याला तिच्यात पाणी घालायचं काही साधत नाही. वशिल्याने आलेला, म्हणून हाकलताही येत नाही. शेवटी त्याला दारू गरम करायला बसवतात. रोज तेवढंच काम.

हा पोरगा काही शिकतोय की नुसता राबतोय?

शिक्षकांचा वाचनगट चालवणाऱ्या एका मैत्रिणीने मध्यंतरी विचारलं, तेव्हा मी तिला हाच प्रश्न उलट विचारला. तिच्या हातात सहा संध्याकाळी होत्या. मुलं आणि तरुण यांच्याविषयीचं सुरुवातीचं आधुनिक चिनी साहित्य आणि शिकण्याचे सामाजिक सिद्धान्त असं जोडीने वाचायचं होतं. तिची अट एकच होती: बी.एड.ला पाठ केलेल्या नोट्स पुन्हा नकोत. मग काय घ्यायचं, काय सोडायचं? तिला फोनवर जे तुटक सांगितलं ते इथे नीट मांडतो आहे.

जोडी कशासाठी जुळवायची?

सिद्धान्ताला उदाहरण हवं म्हणून गोष्ट आणायची असेल, तर चीनपर्यंत जायची गरज नाही, शाळेचं मैदान पुरेसं आहे. सोव्हिएत मानसशास्त्रज्ञ विगोत्स्की समजावला, गोष्टीतल्या मुलावर बोट ठेवलं, 'हे बघा निकट विकासाचं क्षेत्र' (एकट्याने अजून जमत नाही, पण मदतीने जमतं तो टप्पा) म्हटलं की तास संपला. यात गोष्टही वाया जाते आणि विगोत्स्कीही.

माझा निकष वेगळा आहे. गोष्टीने सिद्धान्ताला उलटून बोललं पाहिजे. शिकण्याच्या सगळ्या सामाजिक सिद्धान्तांचं मूळ म्हणणं असं की माणूस माणसांत शिकतो: पाहून, सोबतीने, हाताखाली राहून. 1918 ते 1933 या काळातल्या चिनी लेखकांना हे कुणी सांगायची गरज नव्हती. त्यांची झोप उडाली होती ती नेमकी याच गोष्टीने. मुलं माणसांतच शिकणार असतील, तर ही माणसं करतात तेच शिकणार. लू शुनच्या 'वेड्याची डायरी'तला वेडा (मे 1918, 'नवयुवक' मासिक) जुन्या ग्रंथांच्या ओळींमध्ये 'माणसं खा' एवढंच लिहिलेलं पाहतो, आणि अजून माणूस न चाखलेलं एखादं मूल उरलं असेल तर त्याला वाचवा, असं म्हणत त्याची डायरी संपते. शिकणं कसं घडतं ते सिद्धान्त सांगतात. काय शिकलं जातं आणि त्याची किंमत कोण मोजतं, हे या गोष्टी विचारतात. ज्या जोडीत हा प्रश्न सर्वांत टोकदार होतो, ती जोडी आधी घ्यावी.

उमेदवार

गोष्टींच्या बाजूला मी तिघंच ठेवतो. शाओशिंगचा लू शुन (1881–1936) जपानात डॉक्टरकी शिकायला गेला आणि ती अर्धवट सोडून लेखणीकडे वळला. त्याचा पहिला कथासंग्रह 1923 सालचा. सुझोउचा ये शेंगताओ (1894–1988) 1912 पासून प्राथमिक शाळेत शिकवत होता. त्याची 'नी ह्वानझी' ही शाळामास्तरवरची कादंबरी 1928 मध्ये शिक्षणविषयक मासिकातच क्रमशः आली. चेंगडूच्या मोठ्या खटल्यात वाढलेल्या बा जिनची (1904–2005) 'घर' ही कादंबरी 1931 पासून शांघायच्या दैनिकात छापली जाऊ लागली आणि 1933 मध्ये पुस्तकरूपात आली. हे तिघं एकमेकांपासून फार लांबचे नाहीत. बा जिनची पहिली कादंबरी ज्या मासिकाने छापली, त्याचं संपादन तेव्हा ये शेंगताओच सांभाळत होता. प्राथमिक शिक्षक संपादकाच्या खुर्चीत बसल्यावर नव्या मुलांना कशी वाट करून देतो, हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

सिद्धान्तांच्या बाजूला पाहून शिकण्याविषयी सांगणारे मानसशास्त्रज्ञ बांडुरा, विगोत्स्की, आणि उमेदवारीतून शिकण्याविषयी लिहिणारी जीन लेव्ह व एटिएन वेंगर ही दुक्कल. शिवाय अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन ड्यूई आणि त्यांचे चिनी शिष्य ताओ शिंगझी. शेवटची जोडी वेगळी पडते, कारण ड्यूई खरोखरच तिथे होते. 'खोंग यीजी' छापून आली एप्रिल 1919 च्या अंकात, आणि त्याच महिन्याच्या अखेरीस ड्यूई शांघायच्या धक्क्यावर उतरले. पाहुणे म्हणून आले आणि जुलै 1921 पर्यंत राहिले. बाकीचे सिद्धान्त या गोष्टींवर आपण मागाहून आणून ठेवतो. ड्यूईंचा मात्र त्या काळाच्या हवेतच होता.

खोंग यीजी: एकच गोष्ट, दोन सिद्धान्त

माझी पहिली पसंती हीच, आणि यात मला फारशी शंका नाही. गोष्ट चार-पाच पानांची आहे, एका बैठकीत मोठ्याने वाचून होते. शिक्षकांच्या गटात पुस्तक 'वाचून या' म्हटलं की निम्मे जण न वाचता येतात, हे सर्वांना ठाऊक आहे. इथे तो प्रश्नच नाही.

खोंग यीजी हा सरकारी अधिकारी निवडणाऱ्या राजदरबारी परीक्षांत नापास होत होत म्हातारा झालेला पढीक माणूस. लांब झगा घालतो, पण उभ्याने पितो. त्या गुत्त्यात असं करणारा तो एकटाच. झगा फाटका, मळकट, दहा वर्षं पाणी न लागलेला. बोलतो ते सगळं पोथीतलं. त्याचं खरं नावही कुणाला माहीत नाही. मुलांना अक्षरं गिरवायला देतात त्या कित्त्यातली तीन अक्षरं उचलून लोकांनी त्याला चिकटवली आहेत. पोटासाठी पुस्तकांच्या नकला उतरवतो, पण कागद, शाई, पुस्तकं लंपास करतो आणि मग मार खातो. तो आला की मजूर त्याच्या नव्या वळांवरून त्याला छेडतात आणि गुत्ता हसतो.

पोऱ्या म्हणतो: अशा वेळी मीही हसण्यात सामील होऊ शकत असे, मालक कधी रागावत नसे. शिवाय मालक स्वतःच मुद्दाम खोंग यीजीला असं काही विचारी की हशा पिकावा.

इथे बांडुरा अगदी चपखल बसतात. त्यांचा 1961 चा स्टॅनफर्डमधला बोबो बाहुलीचा प्रयोग सर्वांच्या वहीत असतोच: पाळणाघरातली 72 मुलं, बाहुलीला बडवणारी मोठी माणसं, आणि मग तेच करणारी मुलं. मूल मोठ्यांचं वागणं पाहतं, लक्षात ठेवतं, आणि ते केल्याने काय पदरात पडतं याचा अंदाज घेऊन करतं किंवा करत नाही. मराठीत याला कित्ता गिरवणं म्हणतात. पोऱ्या मालकाचा कित्ता गिरवतो. एरवी उग्र चेहऱ्याचा मालक ज्या एका गोष्टीला हरकत घेत नाही, ती गोष्ट पोऱ्या करतो. बक्षीस म्हणजे तेवढंच, रागावणं नाही. कंटाळवाण्या दिवसात एवढं पुष्कळ असतं.

पण बांडुरांनी हसण्याचा उलगडा होतो, गोष्टीतल्या दुसऱ्या प्रसंगाचा होत नाही. एकदा खोंग यीजी पोऱ्याला विचारतो, तुला लिहिता येतं? मग बडीशेपेच्या वासाच्या त्या पावट्यांच्या नावातलं 'हुई' हे अक्षर कसं लिहायचं सांग. (ते पावट्याच्या जातीचे मोठे दाणे आहेत.) पोऱ्या मनात म्हणतो, भिकाऱ्यासारखा हा माणूस, हा माझी परीक्षा घेणार? खोंग यीजी सोडत नाही: शिकून ठेव, पुढे मालक होशील तेव्हा हिशेब लिहायला उपयोगी पडेल. पोऱ्याचं मनातलं उत्तर मला प्रत्येक वेळी थांबवतं. मालक होणं अजून केवढं लांब आहे, आणि आमचे मालक तर या दाण्यांचा हिशेब लिहीतच नाहीत. तो तुटकपणे बरोबर उत्तर देऊन टाकतो. म्हातारा खूश होतो, लांब नखांनी फळीवर टकटक करत म्हणतो, या अक्षराचा खालचा भाग चार तऱ्हांनी लिहितात, माहीत आहे? पोऱ्या तोंड फिरवून निघून जातो.

शिक्षक उत्सुक, मजकूर अचूक, विद्यार्थ्याला विषयाची तोंडओळख, आणि तरी शिकणं शून्य. का? इथे लेव्ह आणि वेंगर कामाला येतात. त्यांचं 1991 चं पुस्तक छोटेखानी आहे. लायबेरियातले शिंपी, मेक्सिकोतल्या युकातान भागातल्या सुईणी, अमेरिकी नौदलातले दिशा मोजणारे खलाशी, सुपरमार्केटमधले खाटीक, दारू सोडलेल्यांचे गट अशी पाच उदाहरणं घेऊन ते म्हणतात की शिकणं ही डोक्यात ओतायची वस्तू नसून एखाद्या कामकरी मंडळात काठाकडून आत सरकत जाण्याची वाट आहे. आपल्याकडे 'उमेदवारी' हा शब्द यासाठी जुनाच आहे, आणि त्यात उमेद आहे हे विशेष. शिंप्याचा पोरगा आधी गुंड्या लावतो, दुमडी घालतो. कापड बेतायला सर्वांत शेवटी मिळतं. पण तयार सदरा कसा दिसतो हे त्याला पहिल्या दिवसापासून कळत असतं.

पोऱ्या याच हिशेबाने विचार करतो. मी जिथे जाणार, तिथे हे अक्षर लागतं का? लागत नाही. मालक लिहीत नाही. मग चार काय आणि चाळीस काय! खोंग यीजीचं मंडळ होतं राजदरबारी परीक्षांचं, आणि त्या परीक्षा पुढे 1905 मध्ये बंदच झाल्या. काठावरून जिथे आत सरकायचं ते मंडळच मोडीत निघत होतं. शिकवणारा मात्र अजून दारात उभा आहे.

आता गोष्ट उलटून बोलते ती अशी. पोऱ्याला तरी आत सरकता येतं का? लेव्ह-वेंगर यांच्या खाटकांच्या उदाहरणात उमेदवारांना मांस गुंडाळायच्या यंत्रापाशी बसवतात. मुरलेले खाटीक जिथे कापतात ती जागा तिथून दिसतच नाही. वर्षं जातात, शिकणं होत नाही. पोऱ्याला सगळं दिसतं, पण हात लावायला मिळतं फक्त गरम पाण्याला. त्या गुत्त्यावर तो पुरेपूर आत्मसात करतो अशी एकच गोष्ट म्हणजे कुणावर हसायचं. म्हणजे आत शिरायचा परवाना हसण्यातून मिळाला. सत्तेचा हा मुद्दा लेव्ह-वेंगर यांच्या पुस्तकात आहे, नाही असं नाही, पण तो मांडून ते पुढे जातात. लू शुन तिथेच थांबतो. गोष्ट सांगणारा आता मोठा झालेला आहे, 20 हून अधिक वर्षं उलटली आहेत, दारूचा भाव वाढला आहे. त्याच्या आवाजात पश्चात्ताप आहे का? मला दर वाचनात वेगळं वाटतं.

शेवटी पाय मोडलेला खोंग यीजी हातांनी सरपटत येतो, तेव्हाही मालक फळ्यावरची 19 पैशांची उधारी काढतो. त्यानंतर तो दिसत नाही. बरेच दिवस मालक फळ्याकडे पाहून तेवढं म्हणत राहतो. मग म्हणायचं सोडतो.

गावचं नाटक आणि जुनं घर: विगोत्स्की

विगोत्स्कींसाठी लू शुनच्याच दोन गोष्टी एकामागोमाग घ्याव्यात. एकच घेतली तर फसाल.

'गावचं नाटक' (1922) ही आजोळची गोष्ट. शहरी वळणाचा मुलगा आईबरोबर तिच्या माहेरी येतो. गुरं राखायला गेलेली पोरं त्याला हसतात, कारण तो गाईला बिचकतो. पण त्याला तारेच्या आकड्याने कोळंबी पकडायला तीच शिकवतात. शेजारगावी नाटक आहे, होडी मिळत नाही, मोठं कुणी सोबत नाही. श्वांगशी नावाचा हुशार पोरगा पुढे होऊन हमी देतो: होडी मोठी आहे, हा कधी धावाधाव करत नाही, आणि आम्ही सगळे पाण्यात वाढलोय. निघतात. पुढच्या बांबूवर श्वांगशी, मागच्यावर आफा, मोठी पोरं वल्ह्यांवर, लहान पोरं आत बसलेली. परतताना भूक लागते, काठावरच्या शेतातले पावटे तोडायचं ठरतं. आफा म्हणतो, आमच्या शेतातले तोडा, आमचे मोठे आहेत. थोडे तोडल्यावर श्वांगशी म्हणतो, आणखी घेतले तर आफाची आई रडारड करेल, म्हणून बाकीचे दुसऱ्याच्या शेतातून. मग काहीजण वल्हवतात, दोघंतिघं चूल पेटवतात, लहान पोरं आणि पाहुणा दाणे सोलतात.

बघा, ज्याला जेवढं झेपतं त्याहून किंचित पुढचं काम त्याला मिळालं आहे, आणि वाटप करणाराही एक पोरगाच आहे. विगोत्स्की (1896–1934) म्हणतात, मूल आज जे जाणत्याच्या किंवा अधिक सक्षम सोबत्याच्या मदतीने करतं, ते उद्या एकट्याने करेल. आपल्याकडच्या प्रशिक्षणांत 'ज्ञानरचनावाद' म्हणून जे पोचलं त्यात 'सोबती' गळून पडला आणि 'सुलभक' म्हणून शिक्षकच पुन्हा मधोमध बसला, असं माझं मत आहे. जाता जाता: परांची बांधल्यासारखा आधार द्यायचा आणि हळूहळू काढून घ्यायचा, ती 'स्कॅफोल्डिंग'ची उपमा विगोत्स्कींची नाही. ती 1976 च्या एका लेखात वुड, ब्रूनर आणि रॉस यांनी आणली. गटात कुणीतरी हे विगोत्स्कींच्या नावावर खपवणारच, तेव्हा तयारीत राहा.

ही गोष्ट वाचून सगळे खूश होतात. म्हणूनच लगेच 'जुनं घर' (1921) वाचायचं. तिथेही एक सोबती आहे, रुनतू. सणावाराच्या गर्दीत घरी कामाला येणाऱ्या गड्याचा पोरगा, गळ्यात चांदीचं कडं. बर्फात टोपली तिरकी टेकवून पाखरं कशी धरायची, चांदण्यात कलिंगडाच्या मळ्यात शिरलेल्या जनावरावर भाला कसा रोखायचा, हे सगळं तो मालकाच्या मुलाला सांगतो. अंगणाच्या चार भिंतींवरचा आभाळाचा चौकोन तेवढा पाहिलेल्या त्या मुलाला हा मित्र म्हणजे चमत्कार वाटतो. इथे जाणता सोबती गड्याचा पोर आहे. जवळपास 30 वर्षांनी दोघं भेटतात. निवेदकाला काय बोलू न् काय नको असं होतं, आणि रुनतू आदबीने म्हणतो, 'मालक'.

विगोत्स्की इथे अपुरे पडतात असं मी म्हणणार नाही. समाजाचा इतिहास माणसाच्या मनात उतरतो हे तर त्यांचंच म्हणणं. पण आपण वर्गात जो विगोत्स्की वापरतो, जोड्या लावून मुलांना बसवणारा, त्याच्यापाशी याला उत्तर नाही. मुलांनी एकमेकांकडून जे शिकलं ते टिकलं; एकमेकांशी कसं बोलायचं तेवढं पुसून टाकलं गेलं. आणि पुढच्या पिढीत निवेदकाचा पुतण्या आणि रुनतूचा पोर पुन्हा खेळायला लागले आहेत. चीनमध्ये ही गोष्ट पाठ्यपुस्तकात आहे, जपानमध्येही शाळेत शिकवतात. पायवाट ही चालून चालून होते, हा तिचा शेवट तिथल्या मुलांना पाठ असतो. गटात चर्चा त्या वाक्यावर जाऊ देऊ नका. 'मालक' या शब्दावर अडवून धरा.

नी ह्वानझी: ज्यांना शाळा बदलायची आहे त्यांच्यासाठी

शिकवणाऱ्या माणसाने लिहिलेली, शिकवणाऱ्या माणसावरची 30 प्रकरणांची कादंबरी. साहित्य म्हणून ती लू शुनच्या जवळपासही जात नाही, मधली प्रकरणं भाषणबाज आहेत. तरीही मुख्याध्यापकांचा गट असेल तर मी हीच सुचवेन.

तरुण नी ह्वानझी होडीने एका लहान गावातल्या शाळेवर रुजू होतो. मुख्याध्यापक जियांग बिंगरू सुधारक वृत्तीचे आहेत. दोघं ठरवतात की पुस्तकापुरती शाळा नको. मुलांनी शेती करावी, कर्मशाळा असावी, जगणं शाळेत यावं. शेतीसाठी पडीक जमीन निवडतात. तिच्यात जुनी थडगी आहेत. ती हलवायची म्हटल्यावर गावात भुताखेतांचा बोभाटा होतो आणि गावगुंड जमीनदार जमिनीवरच हक्क सांगतो. प्रत्यक्षात ये शेंगताओने सुझोउजवळच्या लुझी गावात 1917 पासून काही वर्षं शिकवलं होतं आणि तिथे सहकाऱ्यांबरोबर असे प्रयोग केले होते. त्यामुळे ही प्रकरणं वाचताना कागदावरच्या सुधारणेला माती लागलेली जाणवते.

याच्या शेजारी ड्यूई ठेवा, आणि ड्यूईंच्या शेजारी ताओ शिंगझी (1891–1946). शाळा हा छोटा समाज आणि शिक्षण म्हणजेच जगणं, असं ड्यूईंचं सूत्र चीनमध्ये सांगितलं जाई. ताओ अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठात त्यांच्याकडे शिकून परतले, खेड्यांत फिरले आणि त्यांनी सूत्र उलटं केलं: जगणं हेच शिक्षण, समाज हीच शाळा. 1927 मध्ये नानजिंगबाहेर शियाओझुआंगला त्यांनी शिक्षक घडवणारी शाळा काढली, 1930 मध्ये सरकारने ती बंद पाडली. पुढे त्यांनी 'छोटे गुरुजी' ही कल्पना राबवली, म्हणजे शिकलेल्या पोराने घरच्यांना आणि शेजाऱ्यांना शिकवायचं. नावसुद्धा त्यांनी बदललं. आधी 'जाणून करणारा' असा अर्थ होता, मग अक्षरं फिरवून 'करून जाणणारा' केला.

मराठी वाचकाला इथे एक ओळखीचा चेहरा दिसतो. डॉ. आंबेडकर 1913 ते 1916 कोलंबियात होते आणि ड्यूईंच्या तासांना बसत. ताओ आणि चिनी बोलभाषेतल्या साहित्याचे पुरस्कर्ते हू शी 1915 मध्ये तिथे दाखल झाले. एकाच गुरूचे हे तीन विद्यार्थी, त्यांतला एक वर्षभराचा काळ तर सामायिक. चिनी शिष्यांनी गुरूकडून शाळा आणि भाषा उचलली. आंबेडकरांनी उचललं ते समाजातल्या भिंतींविषयीचं. जमिनीत गाडलेली थडगी आड येतात हे नी ह्वानझीला कळतं, पण ती कुणाची आणि कोण राखतं हे त्याला उमगत नाही. आंबेडकर वाचलेल्या शिक्षकाला हा प्रश्न लगेच सुचेल, आणि मला वाटतं आपल्याकडच्या गटात ही कादंबरी चिनी गटापेक्षाही चांगली वाचली जाईल, ती यामुळे.

ह्वानझीचं पुढे बरं होत नाही. ज्या सुशिक्षित मुलीशी विचार जुळले म्हणून लग्न केलं ती मूल झाल्यावर घरात अडकते, आणि तो निराश होतो. स्वतःच्या घराची शाळा करायचं त्याला सुचत नाही. 1925 च्या परकीयविरोधी आंदोलनात तो शांघायला असतो. 1927 च्या साम्यवाद्यांच्या कत्तलीत क्रांतिकारक मित्र मारला जातो. मग दारू, विषमज्वर, मृत्यू. घराबाहेर पडून काम करायचं ठरवते ती बायको. ड्यूईवाद्यांना कडू काढा पाजायचा असेल तर याहून चांगला मिळणार नाही. अडचण एवढीच की पुस्तक सहज मिळत नाही. ए. सी. बार्न्स यांचा 1958 चा इंग्रजी अनुवाद आहे, तो जुन्या ग्रंथालयांत शोधावा लागतो. मिळाला तर थडग्यांची प्रकरणं छायाप्रत करून वाटा, बाकी तोंडी सांगा.

घर: तरुण वाचक असतील तर

बा जिनची 'घर' सर्वांत वाचनीय, आणि वाचनगटाला सर्वांत गैरसोयीची. 40 प्रकरणं. सिडनी शापिरो यांचा इंग्रजी अनुवाद मिळतो. एकत्र कुटुंब, दरारा असलेले आजोबा, तीन भाऊ: जूएशिन, जूएमिन, जूएहुई. आपल्याकडच्या वाड्यातल्या गोष्टी वाचलेल्या माणसाला घरच्यासारखं वाटेल, आणि तोच धोका आहे. धाकटा बंडखोर तो चांगला, थोरला दुबळा तो वाईट, इतकं सोपं करून लोक मोकळे होतात.

बांडुरांच्या 1965 च्या प्रयोगातली बारीक खोच इथे उपयोगी पडते. आक्रमक माणसाला शिक्षा झालेली ज्या मुलांनी पाहिली, त्यांनी त्याची नक्कल कमी केली. पण नंतर नक्कल केल्यास खाऊ देऊ म्हटल्यावर त्यांनाही ती तेवढीच येत होती. म्हणजे शिकणं वेगळं आणि करून दाखवणं वेगळं. थोरला जूएशिन असाच आहे. त्याला रसायनशास्त्र शिकायला परदेशी जायचं होतं. वडिलांनी दोन स्थळांच्या चिठ्ठ्या टाकून त्याची बायको ठरवली. भावांबरोबर तोही 'नवयुवक' वाचतो, सगळं समजतो, आणि वाकत राहतो. नव्या विचारांचं शिक्षण त्याचं पूर्ण झालं आहे. त्या घरात ते करून दाखवायला खाऊ नाही, शिक्षा आहे. अशा माणसाला नापास ठरवणं सोपं असतं. बा जिनच्या स्वतःच्या थोरल्या भावाने कादंबरी छापायला सुरुवात झाली त्याच सुमारास आत्महत्या केली, हे कळल्यावर ती प्रकरणं वेगळी वाचली जातात.

आणि धाकटा? दासी मिंगफंगला एका म्हाताऱ्याची रखेल म्हणून द्यायचं ठरतं. शेवटच्या रात्री ती जूएहुईकडे येते. तो मासिकाचे लेख लिहिण्यात गुंग असतो, दोन दिवस थांब म्हणतो. ती तळ्यात उडी घेते. मित्रांचं मंडळ, एकत्र वाचन, अंक काढणं, हे सगळं लेव्ह-वेंगर यांच्या पुस्तकातल्यासारखं जिवंत शिक्षण होतं, आणि त्यानेच त्याचे डोळे टेबलाला खिळवून ठेवले. ही एक रात्र वाचण्यासाठी कादंबरी घ्यावी असं मला वाटतं. पण 40 प्रकरणं सहा संध्याकाळींत बसत नाहीत. महाविद्यालयीन मुलांचा गट असेल, सुट्टी असेल, तर जरूर.

काय घेऊ नये

'वेड्याची डायरी' पहिल्या दिवशी नको. नाव मोठं, पण त्यातलं रूपक इतकं बलवान आहे की गट त्याचा अर्थ लावण्यातच अडकतो आणि शिकणं बाजूला राहतं. यू दाफूची 'बुडणं' (1921) आणि डिंग लिंगची 'सोफीची डायरी' (1928) या दोन्ही तारुण्यावरच्या उत्तम गोष्टी, पण एकाकीपणाच्या. त्यांत शिकवणारं मंडळ कुठेच नाही. नसण्यावरही बोलता येतं म्हणा, पण ते दुसऱ्या सत्रात.

तर मग

मैत्रिणीला मी सांगितलं ते असं. पहिल्या दोन संध्याकाळी 'खोंग यीजी', आधी नुसती गोष्ट आणि मग बांडुरा व लेव्ह-वेंगर. तिसऱ्या-चौथ्या दिवशी नाटक आणि जुनं घर, विगोत्स्कींसह. उरलेल्या दोन, गटात मुख्याध्यापक जास्त असतील तर 'नी ह्वानझी'ची थडगी, नसतील तर 'घर'मधली मिंगफंगची रात्र. बी.एड. किंवा एम.एड.चा प्रकल्प करणाऱ्या एकट्या विद्यार्थ्याने मात्र उलट करावं. 'घर' आणि बांडुरा ही जोडी लिहायला सर्वांत सोपी आहे, पण सोपी म्हणूनच घासून गुळगुळीत होते. त्याने 'खोंग यीजी'तला अक्षराचा प्रसंग एकटाच धरून 20 पानं लिहावीत.

आणि पहिल्या संध्याकाळी सिद्धान्ताचं नावही काढू नका. गोष्ट मोठ्याने वाचा. खोंग यीजी पोरांना एकेक दाणा वाटतो आणि पोरं आणखी मागायला लागली की बशीवर पंजा पसरून पोथीतल्या भाषेत 'फार नाहीत रे, फार नाहीत' म्हणतो, तिथे गटातलं कुणी ना कुणी हसतंच. कोण कुठे हसलं ते फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवा. शेवटपर्यंत वाचून झालं की फळ्याकडे बोट दाखवा आणि गप्प बसा.